भीम तुला, चिंगी मला

सतीश, दुकानदाराचा पुन्हा मेसेज आलाय. शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर शेगडी बसवणाऱ्या माणसाची तारीख हातची जाईल, असं म्हणतोय. 'हाय सतीश' अशी सुरुवात आणि शेवटी हसरा चेहरा. त्या बिचाऱ्याला काय माहीत तू गेलास ते. तुझा फोन हातात घेऊन मी सोफ्यावर बसले आहे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. त्याच्यावर नाही रे. तुझ्यावर.

अरे, जायचंच होतं तर ती शेगडी तरी ठरवून जायचंस! वर्षभर दुसरा विषय नव्हता या घरात. नाश्त्याला शेगडी, जेवताना शेगडी, एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या शेगडी. आणि ठरवलंस काय? काही नाही. सगळं भिजत घोंगडं माझ्या डोक्यावर टाकून तू सकाळी ऑफिसला गेलास आणि तिथल्या लिफ्टमध्येच खाली बसलास. डॉक्टर म्हणाले, काही कळायच्या आत गेले, त्यांना त्रास झाला नसेल. तुला नसेल झाला. इथे मला विचारा.

लोक मला भेटायला येतात आणि विचारतात, 'आता टास्मानियाचं काय?' मी सांगायला लागले की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मला तिकडे, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या त्या थंड बेटावर, नोकरी लागली, समुद्रातल्या शेवाळांवर काम करायची, जी मी आयुष्यभर शोधत होते. आम्ही तिथे टेकडीच्या उतारावर एक लाकडी घर घेतलं. घरातली जुनी शेगडी गंजून भोकं पडलेली, ती काढून टाकावी लागली. तिकडे लोक घरात लाकडं जाळून ऊब घेतात. लोखंडाची पेटी, पुढे काचेचं दार, वर छतातून बाहेर गेलेलं धुराडं. ती नवी बसवल्याशिवाय त्या घरात राहता येणार नाही. एवढं सांगून झालं की समोरचा माणूस हळूच पंख्याकडे बघतो. बरोबरच आहे. सिंगापुरात, आमच्या बेडोकमध्ये, खालच्या दुकानातून दूध आणलं तरी ब्लाउज पाठीला चिकटतो, आणि आम्ही इथे बसून घर कसं तापवायचं याच्यावर भांडत होतो.

आपण ते घर बघितलं कधी? तिकडच्या उन्हाळ्यात. तू हाफ पँटवर होतास. अंगणात उभा राहून 'काय हवा आहे, काय हवा आहे' म्हणत होतास. मग इथे परत आल्यावर तुझ्या डोक्यात प्रकाश पडला की थंडीचा अंदाजच घेतलेला नाही. त्यावर साहेबांनी उपाय काय काढला? बेडरूमचा एसी सोळावर. दारं-खिडक्या बंद. तुझ्या आईने मागे कधीतरी पाठवलेली माकडटोपी कपाटातून काढून डोक्यावर चढवलीस, मला शालीत गुंडाळलंस आणि म्हणालास, "रंगीत तालीम आहे, मेधा. तू कुडकुडायला लागलीस की सांग." मी म्हटलं, "अरे, ही बटणाची थंडी आहे. घराची थंडी अशी नसते." तू म्हणालास, "कशी असते मग?" मला कुठे माहीत होतं! मी ठाण्याची. माझ्या माहितीतली थंडी म्हणजे डिसेंबरात पंखा एकवर. पण तू मला कुडकुडताना बघितलंस आणि निकाल देऊन टाकलास, "सोळाला ही अवस्था, तर तिकडे पाचला भीमच लागणार."

उन्हाळ्यात घर घ्यायचं आणि थंडी एसीवर मोजायची. असली अक्कल आपल्यासारख्यांनाच सुचते, ज्यांची थंडी रिमोटवर असते.

भीम हे नाव तूच ठेवलंस. सगळ्यात मोठी शेगडी, ओंडकाच्या ओंडका आत जाईल एवढी. मला आवडलेली लहान होती, चार पायांवर उभी, वर पातेलं ठेवता येईल अशी सपाट. तिला तू चिंगी म्हणायला लागलास, तेही हिणवून. "ती तुझी चिंगी खेळण्यातली आहे, मेधा. भातुकलीला ठीक." भीमाचं चित्र ऑफिसातून जाड कागदावर रंगीत छापून आणलंस आणि फ्रिजवर लावलंस. अजून तिथेच आहे. दूध काढायला गेले की तो समोर, आपलं काळं तोंड घेऊन.

हॉकर सेंटरमधली, त्या खाण्याच्या टपऱ्यांमधली, ती संध्याकाळ आठवते? कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, ग्लास समोर, तू टिश्यूवर आपल्या त्या घराचा हॉल काढलास आणि भीम कुठे बसेल ते दाखवलंस. आपण दोघं घामाने निथळत होतो आणि तू मला उष्णता कुठून कुठे जाते ते समजावत होतास. मी म्हटलं, "तूच वाचून दाखवलंस ना, लहान घरात मोठी शेगडी घेतली की ती पूर्ण पेटवता येत नाही? हवा कोंडावी लागते, मग लाकूड नुसतं धुमसतं, धुराड्यात डांबर साचतं, काच काळी पडते. मग?" तू म्हणालास, "ते नवराबायको दोघंच राहतात त्यांच्यासाठी गं." मी म्हटलं, "आणि आपण कोण आहोत?" तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. "दोघंच कसे? आई येईल. आपली लेक इरा येईल, तिच्या मैत्रिणी येतील. तिकडची मराठी माणसं गोळा करू, गणपती बसवू. दार उघडं आणि भीम पेटलेला."

मला तेव्हाही राग आला होता आणि मी तो गिळला. आज नाही गिळणार. तुला कायम घर भरलेलं लागायचं. आल्यागेल्यासाठी जाळ, आल्यागेल्यासाठी चहा, आल्यागेल्यासाठी तू. आणि माणसं गेली की तू लॅपटॉप उघडून शेगडीचं पुढचं पान. माझ्याबरोबर नुसतं बसायला तुला एखादी लहान शेगडी का नाही पुरली असती? हे मला विचारायचं होतं. त्या टिश्यूवरून मान वर करायची होतीस, मी विचारलं असतं.

आणि आता काय झालं, बघ. वाद मी जिंकले! मोठी नकोच होती. पण मी दोन माणसं धरून भांडत होते रे. मी एक माणूस धरलं नव्हतं.

तुझ्या त्या बंबाच्या गोष्टी ऐकून माझे कान किटले होते. गडहिंग्लजच्या घरी सकाळचा बंब पेटवायचं काम तुझं. तांब्याचा बंब, चिंचेची लाकडं, शेंगांची टरफलं. भाऊ झोपलेला असायचा आणि तू अंधारात एकटा जाळ धरायचास. हे सांगताना तू इतका खुलायचास की इरासुद्धा फोन खाली ठेवायची. पण मी म्हटलं की मलाही शिकव, की लगेच तुझा तो सूर. "तू ठाण्याच्या फ्लॅटमधली, गीझरवाली. तुला काय कळणार जाळ." नाहीतर, "तिकडे गेल्यावर शिकवतो, इथे कुठे पेटवणार?" तिकडे गेल्यावर! सगळं तुझं तिकडे गेल्यावर होतं. फिरायला जाणं तिकडे गेल्यावर, वजन कमी करणं तिकडे गेल्यावर, छातीत भरून येतं ते दाखवणंही तिकडे गेल्यावर.

हो, छातीचं. मी विसरणार आहे असं वाटलं का तुला? जिना चढताना थांबायचास. "एसीचा त्रास होतोय, बाकी काही नाही." मी दोनदा डॉक्टरची वेळ घेतली, तू दोन्ही वेळा मीटिंग काढलीस. धुराडं दरवर्षी साफ केलं नाही तर आत थर साचतो, वाट अरुंद होते आणि एक दिवस भडका उडतो, यावर तू मला जेवणाच्या ताटावर व्याख्यान दिलंस. चित्रं काढून दिलंस! त्या पठ्ठ्याला स्वतःच्या छातीत काय साचलंय ते एकदा बघावंसं वाटलं नाही. अंगाचा तिळपापड होतो माझ्या. तू समोर असतास तर मी तुला हलवून विचारलं असतं, आणि तू हसून म्हणाला असतास, "उद्या बघू गं."

शेवटचं बोलणं तरी काय झालं आपलं? तू दारात बूट घालत होतास. मी डबा दिला. तू म्हणालास, "दुकानदाराला विचारतो, चिंगीचीपण काच काळी पडते का. मग उद्या नक्की ठरवतो." मी म्हटलं, "बरं." झालं. इतक्या वर्षांचा संसार आणि शेवटी 'काच काळी पडते का' आणि 'बरं'. लोकांना काहीतरी चांगलं तरी मिळतं सांगायला. मी कोणाला सांगू हे?

एवढं मात्र म्हणेन, म्हणजे राग कमी झाला असं समजू नकोस. मला ती नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. या वयात कुठे शेवाळं धुवायला चाललात, असं तुझ्या मित्रांनी तुझ्यासमोर म्हटलं. तू म्हणालास, "ती शेवाळं धुवेल, मी लाकडं फोडेन. इतकी वर्षं ती माझ्या नोकरीमागे आली, आता मी जातो." असं म्हणणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. ते वाक्य मी उशीखाली ठेवल्यासारखं जपून ठेवलंय, आणि म्हणूनच तर एवढा राग आहे. लाकडं कोण फोडणार आहे आता?

मंडाईच्या दहनगृहात सगळं फार नीट झालं. स्वच्छ, वेळेवर, अदबीने. आम्हाला काचेच्या या बाजूला उभं केलं आणि पलीकडे तुझी पेटी आपोआप सरकत गेली, एक दार उघडलं, बंद झालं. इराने माझा हात धरून विचारलं, "इज दॅट इट, आई?" घरी आल्यावर प्रकाश भाऊजींनी पुण्याहून व्हिडिओवर विचारलं, "वहिनी, अग्नी कोणी दिला?" कोणीच नाही दिला, भाऊजी. तिथे गॅस होता. ज्या माणसाला चिंचेचं लाकूड कसं जळतं आणि बाभळीचं कसं, हे वासावरून कळायचं, त्याच्या वाट्याला शेवटी एक काडीसुद्धा आली नाही.

भाऊजी रोज फोन करतात. वाईट नाहीत ते. "वहिनी, तिकडचं घर विकून टाका, पुण्याला फ्लॅट बघतो, आमच्या जवळच. तिकडे एकट्या बाईने जाऊन काय करायचं?" इरा इथेच शिकणार आहे, हॉस्टेलवर जाईल. तिचं वेगळंच. काल फ्रिजपाशी उभी राहून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट कॅन्सल लाह. तू बाबांच्या ड्रीमसाठी कशाला जायचं?" मी म्हटलं, "बाबांचं कुठलं ड्रीम? नोकरी माझी आहे." ती म्हणाली, "देन हू विल लाइट दॅट थिंग? यू कान्ट इव्हन लाइट गॅस विदाउट द क्लिक-क्लिक." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पण पोरगी खोटं बोलत नव्हती. घोडं तिथेच अडलंय. मला ते काम येतं, मला ते घर आवडतं, मला अंधाराची भीती नाही. मला जाळ धरता येत नाही, आणि जाळाशिवाय त्या घरात एक रात्र निघणार नाही. तू मला शिकवलं नाहीस म्हणून माझ्या हातून माझं काम जाणार, सतीश. हे इतकं साधं आहे.

आज संध्याकाळी मी कचरा टाकायला खाली गेले. चिनी लोकांचा सातवा महिना चालू आहे, त्यांचा पितृपंधरवडाच म्हणायचा. ब्लॉकखाली पितरांसाठी कागद जाळायचं पत्र्याचं पिंप असतं ना, त्याच्यापाशी टॅन आंटी उभ्या होत्या, आपल्या समोरच्या दारातल्या. तुझी ती जागा. दरवर्षी या महिन्यात तू ऑफिसातून आलास की तिथे थांबायचास, त्यांच्या कागदांना नको असताना सल्ले देत. इतक्या वर्षांत सिंगापुरात तुझ्या वाट्याला आलेला तेवढाच काय तो जाळ. आंटी मला बघून हलल्या नाहीत, सॉरीही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "युअर हजबंड, ही लाइक बिग फायर. ऑल्वेज टेल मी, नॉट लाइक दॅट, आंटी, लाइक धिस." मग पिशवीतून कागदाचा एक शर्ट काढून माझ्यापुढे धरला. कागदाचा फोनही होता त्यांच्याकडे, कागदाची गाडी, कागदाचं दुमजली घर. जाळलं की पलीकडच्याला पोचतं म्हणे. "व्हॉट ही वॉन्ट?" त्यांनी विचारलं. "यू गिव्ह हिम लाह. लेटर ही कम अँड डिस्टर्ब यू."

मी तिथल्या तिथे मागे वळले आणि वर आले. फ्रिजवरचा भीम ओढून काढला. चुंबक खाली पडून कुठे गेला ते बघितलंसुद्धा नाही.

पुन्हा खाली येऊन काडी मी स्वतः ओढली. आंटी देत होत्या लायटर, मी म्हटलं नको. पहिली विझली, दुसरी विझली. तिसरीने कागदाची कड धरली, पण ती कड नुसतीच काळी पडली. जाड कागद, तुझी निवड! मी आणखी खाली दाबला, धूर माझ्याच डोळ्यांत आला आणि मी मोठ्याने, चारचौघांत, मराठीतून तुला शिव्या घातल्या. खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. आंटी म्हणाल्या, "डोन्ट प्रेस!" आणि मला तुझाच आवाज आठवला, इथेच, याच पिंपाशी, ओरडायचास तो. दडपू नका, त्याला श्वास घेऊ द्या. मला शिकवलं नाहीस, पण सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल इतकं आंटींना शिकवत होतास, आणि मी शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभी असायचे. मी कागद बाहेर काढला, मधोमध दुमडला, तंबूसारखा उभा केला, खाली आंटींचे पातळ कागद चुरगाळून घातले आणि खालून काडी लावली.

धरला रे. एकदम धरला. आधी पाय गेले, मग ते काचेचं दार, मग धुराडं. चेहऱ्याला धग लागली, खरी, बटणाची नव्हे. मी म्हटलं, "घे. तुझा भीम तुला. तिकडे बोलाव सगळ्यांना, दार उघडं ठेव." आंटींनी मान डोलावली, त्यांना काय कळलं कोण जाणे. आणि मग मी रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा. गॅसवाल्या त्या हॉलमध्ये नव्हते रडले. पिंपातला शेवटचा काळा पापुद्रा खाली बसेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो, मग आंटी म्हणाल्या, "फिनिश. गो होम, ईट."

वर आले. हाताला धुराचा वास येत होता, तो धुतला नाही. तुझ्या फोनवरून दुकानदाराला कळवलं की सतीश वारला, यापुढे माझ्याशी बोला, लहान शेगडी पाठवा, ऑक्टोबरात मी तिथे असेन. इराला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तुझ्या केसांना स्मोकचा वास येतोय." मग उठून तिने चुंबक शोधला आणि फ्रिजवर परत लावला, नुसताच.

तुझा प्रश्न मात्र मी त्याला विचारला नाही. चिंगीची काच काळी पडत असेल तर पडू दे. पुसेन मी.